मायनर लीगमधली पोरं: कोण वर जाणार हे कसं ओळखता?

रॅरिटनकाठी:
ब्रिजवॉटरला बालाजीचं दर्शन, मग देवळाच्या कॅन्टीनमध्ये डोसा, हा आपल्याकडच्या बऱ्याच न्यूजर्सीकरांचा ठरलेला रविवार. त्याच गावात रेल्वे स्टेशनला खेटून एक आटोपशीर स्टेडियम आहे आणि तिथे सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात, म्हणजे न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए संघ. इथे बेसबॉलवर धागे निघतात ते वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम लढतीच्या) वेळी. मायनर लीगबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा प्रपंच.

नवख्यांसाठी आधी रचना सांगतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, ३० संघ. प्रत्येकाच्या हाताखाली चार संघ, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. एकूण १२०. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव संकुलांच्या लीग, आणि अगदी तळाला डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. यँकीजचा पोरगा टँपाहून निघतो, हडसन व्हॅलीला जातो, मग आमच्या ब्रिजवॉटरला येतो, मग स्क्रँटन, आणि नशिबात असेल तर ब्राँक्स, म्हणजे खुद्द यँकीज. बहुतेकांचा प्रवास मधल्याच एखाद्या स्टेशनावर संपतो.

दरवर्षी 'टॉप १००' याद्या निघतात. मीही वाचतो, पण मुलाला बघायला जातो तेव्हा बॅटिंग सरासरी आणि होमरन सगळ्यात शेवटी बघतो. पहिली गोष्ट वय. डबल-एमध्ये बहुतेक पोरं २३-२४ ची असतात. तिथे १९ वर्षांचा मुलगा .२४० मारत असेल (हजार खेपांत २४० हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं) तर मला तो २५ वर्षांच्या .३०० वाल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. दुसरी गोष्ट, स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) किती आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकटात मिळालेला बेस) किती. पडणाऱ्या हिटमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. वाईट चेंडू सोडून देण्यात फार कमी.

जासन डोमिंगेझचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये १६ व्या वर्षी ५१ लाख डॉलरचा बोनस घेऊन आला, टोपणनाव 'मार्शन'. एकही सामना खेळायच्या आधी लोक त्याची तुलना मिकी मँटलशी करत होते. पुढच्या वर्षी कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा हंगामच रद्द. २०२३ मध्ये तो सॉमरसेटला होता तेव्हा सुरुवातीचे दोन महिने सरासरी .२०० च्या आसपास घुटमळत होती आणि स्टँडमध्ये शेजारचे काका 'फुगा फुटला' म्हणून मोकळे झाले होते. पण पोरगा २० वर्षांचा होता आणि वॉक भरपूर घेत होता. वाईट चेंडूंच्या मागे लागत नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये पदार्पण, आणि पहिल्याच खेपेला जस्टिन व्हरलँडरला होमरन. आठ सामन्यांत चार होमरन ठोकले आणि मग कोपराचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया. हेही या छंदाचाच भाग.

सध्या माझा जीव अडकलाय तो स्पेन्सर जोन्समध्ये. साडेसहा फुटांच्या वर उंची, धावतो हरणासारखा. २०२४ मध्ये सॉमरसेटला बरोब्बर २०० स्ट्राइकआऊट. २०२५ मध्ये सॉमरसेट आणि स्क्रँटन मिळून ३५ होमरन, पण स्ट्राइकआऊट अजूनही दर तीन खेपांमागे एकाहून जास्त. माझ्याच कसोटीवर हा बसत नाही, आणि तरी तो बॅटिंगला आला की मी हातातलं खाणं बाजूला ठेवतो.

तुम्ही कुणाला फॉलो करता? आणि काय बघून?

शेंगदाणा_लाडू:
वाचतेय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण आमचा लेक शाळेच्या टीममध्ये आहे, त्याला हा धागा दाखवते.

तिरकस:
लेख चांगला, पण एक भाबडी शंका. जो अजून मोठा झालाच नाही त्याच्या मागे एवढं काय लागायचं? आमच्याकडे रणजीचे सामने फुकट असतात, तरी स्टेडियममध्ये कबुतरंच जास्त.

रॅरिटनकाठी:
तिरकस, तुम्ही रणजीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. अमोल मुजुमदार हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात २६० करून गेला तेव्हा तुम्ही-आम्ही सगळेच 'हा आता आलाच' म्हणत होतो ना? प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही भारताकडून एक कसोटी मिळाली नाही. आपण वीस वर्षं त्याचे स्कोअर पेपरात शोधत होतो, ते कशासाठी? अगदी त्याचसाठी.

फरक एवढाच की रणजी करंडक जिंकणं ही मुंबईसाठी स्वतंत्र गोष्ट होती. मायनर लीगमध्ये जिंकणं दुय्यम. पिचर झकास टाकत असतो, सहाव्या इनिंगपर्यंत एकही हिट नाही, आणि मॅनेजर त्याला काढून घेतो, कारण वरून आदेश असतो: आज ८० च्या वर चेंडू नाहीत. दुसऱ्याला सांगितलेलं असतं की या महिन्यात चेंज-अप (वेग कमी करून फसवणारा चेंडू) टाकायचाच, मार बसला तरी चालेल. त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) बिघडतो आणि घरी बसून आकडे वाचणारा म्हणतो, पोरगा संपला. म्हणून मैदानात जाऊन बघावं लागतं.

तिरकस:
मुजुमदारांना मध्ये आणलंत, आता बोलती बंद. (पण २०२५ मध्ये त्यांनी प्रशिक्षक म्हणून आपल्या महिला संघाला वर्ल्ड कप जिंकून दिला हेही लिहा की.)

प्लेन्सबोरोची:
सॉमरसेट सॉमरसेट काय करताय! २००३ पासून २०२० पर्यंत यँकीजचा डबल-ए संघ ट्रेंटन थंडर होता. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोच्या आम्हा लोकांचं ते हक्काचं मैदान, डेलावेअर नदीच्या काठावर. २००३ मध्ये डेरेक जीटर दुखापतीतून सावरताना तिथेच खेळला होता. आणि चेस नावाचा गोल्डन रिट्रीव्हर होता, बॅटरने टाकलेली बॅट तोंडात धरून आणून द्यायचा. माझी मुलं खेळ कमी आणि चेसलाच जास्त बघायची.

मग २०२० च्या शेवटी मेजर लीगने सगळी मायनर लीग नव्याने बांधली, चाळीसच्या वर गावांच्या संघांशी संबंध तोडले आणि यँकीज ट्रेंटन सोडून ब्रिजवॉटरला गेले. ब्रिजवॉटरचा संघ तोवर स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता. ट्रेंटनच्या वाट्याला ड्राफ्टची (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीची) वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोरांची लीग आली. तुमचा धागा छान आहे, पण माझा राग अजून गेलेला नाही.

रॅरिटनकाठी:
राग रास्त आहे. आमचा फायदा झाला तो तुमच्या नुकसानीतून. भरपाई म्हणून एक सांगतो: २०२२ मध्ये सॉमरसेटने ईस्टर्न लीग जिंकली तो शेवटचा सामना १५-० असा होता आणि समोरच्या ईरी संघाला एकही हिट मिळाली नाही. रँडी वास्केझने आठ इनिंग टाकल्या, नववी कार्सन कोलमनने. अंतिम सामन्यात नो-हिटर! तुमच्या ट्रेंटनमध्ये असं कधी...? बरं, गप्प बसतो.

सॅनहोजेकर:
धागाकर्त्यांशी ८० टक्के सहमत. भर घालतो.

कुठलाही आकडा वाचताना लीग कोणती ते बघा. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की, रेनो, लास व्हेगस अशी उंचावरची, कोरड्या हवेची गावं आहेत. चेंडू उडतच जातो. तिथल्या २५ होमरनना भुलू नका, आणि तिथे ईआरए पाचच्या वर गेलेल्या पिचरला लगेच मोडीत काढू नका. ट्रिपल-एमध्ये आता प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून निघतानाचा वेग सगळ्यांना बघायला मिळतो. मी तेच बघतो. दोनशे खेपांची सरासरी फसवेल, पण ११२ मैल वेगाने मारलेला फटका फसवत नाही. ती ताकद अंगात असावीच लागते.

आणि आमचे सॅन होजे जायंट्स! सिंगल-ए, १९४२ चं जुनं मैदान. २००९ मध्ये बस्टर पोझी आणि मॅडिसन बमगार्नर दोघेही इथे खेळले, आणि पुढच्याच वर्षी दोघे सॅन फ्रान्सिस्कोकडून वर्ल्ड सिरीज जिंकत होते. इथे एक गंमत असते: पाहुण्या संघातला एक जण 'बीअर बॅटर' ठरवतात, तो स्ट्राइकआऊट झाला की थोडा वेळ बीअर अर्ध्या भावात. एरवी लॅपटॉपवरून मान न उचलणारे आमचे आयटीवाले त्या क्षणी असे ओरडतात की बिचाऱ्या पोराचे पाय लटपटावेत.

बोरिवली_फास्ट:
ते स्काऊट (खेळाडू हेरणारे) लोक '६० पॉवर, ४५ हिट' असं लिहितात ते काय असतं? शंभरपैकी का?

सॅनहोजेकर:
नाही, २० ते ८०. पन्नास म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि प्रत्येक दहा म्हणजे एक प्रमाण विचलन. म्हणून ८० अगदी विरळा. फटका लावणं, ताकद, धावणं, हात, क्षेत्ररक्षण, या पाचांना वेगवेगळे गुण, शिवाय 'आज' आणि 'पुढे' असे दोन रकाने. सगळी भानगड त्या दुसऱ्या रकान्यात! १८ वर्षांच्या पोराच्या आजच्या ३० चे पुढे ५५ होतील हे कुणीतरी त्याच्या खांद्यांकडे आणि मनगटाकडे बघून लिहिलेलं असतं. या पद्धतीचं श्रेय ब्रँच रिकीला देतात. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी मायनर लीगचे संघ विकत घेऊन स्वतःचे खेळाडू स्वतःच वाढवायची कल्पनाही त्याचीच.

डेलावेअरपार:
त्या दुसऱ्या रकान्याचं काय खरं असतं ते आमच्या दक्षिण जर्सीच्या पोराने दाखवलंय. माइक ट्राउट, गाव मिलव्हिल. २००९ च्या ड्राफ्टमध्ये २५ वा. एंजल्स संघाकडे २४ आणि २५ असे लागोपाठ दोन नंबर होते आणि त्यांनीसुद्धा आधी रँडल ग्रिचकचं नाव घेतलं! थंडीच्या राज्यातला शाळकरी मुलगा, सामने कमी, समोरचे पिचर बेताचे, स्काऊटना भरवसा वाटेना. तिकडे माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम. आता तर फेऱ्याच २० आहेत. आजचा पियाझा ड्राफ्टमध्ये निवडलाच जाणार नाही.

उलटी बाजू ब्रायन टेलर. १९९१ मध्ये यँकीजचा पहिला नंबर, साडेपंधरा लाख डॉलरचा बोनस, डावखुरा, आग ओकणारा. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत खांदा निखळला आणि मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकायला मिळाला नाही.

शेंगदाणा_लाडू:
बापरे. लेकाला हे वाचून दाखवलं तर म्हणतो, 'मग मी मारामारी करणार नाही.' एवढा तरी फायदा झाला धाग्याचा.

रॅरिटनकाठी:
:)) डेलावेअरपार, यात मार्क अपेल हवाच. २०१३ चा पहिला नंबर, त्याच्यामागून दुसरा क्रिस ब्रायंट. ब्रायंट २०१६ मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि त्याच वर्षी त्याच्या शिकागो कब्जने वर्ल्ड सिरीज जिंकली. अपेल ट्रिपल-एपर्यंत पोचून अडकला आणि २०१८ मध्ये खेळच सोडला. २०२१ मध्ये परत आला आणि जून २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून पहिली इनिंग टाकली. एकही रन नाही. ड्राफ्टनंतर नऊ वर्षांनी! 'वाया गेलेला पहिला नंबर' म्हणून सगळ्या याद्यांत त्याचं नाव असतं. मी ती इनिंग बघितली तेव्हा मला तसं काही वाटलं नाही.

कॅरीकर:
इकडे कॅरी-मॉरिसव्हिलची मराठी मंडळी डरहॅम बुल्सला जातात, टँपा बे रेज संघाचा ट्रिपल-ए. माझा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) हुनियोर कमिनेरो. २०२१ च्या नोव्हेंबरात रेजने क्लीव्हलंडला टोबायस मायर्स नावाचा पिचर देऊन त्या बदल्यात हा घेतला. तेव्हा तो १८ चा आणि जेमतेम डॉमिनिकन लीग खेळलेला. बातमीच्या तळाला एक ओळ होती. २०२५ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये ४५ होमरन मारले. रेज संघ पैशाने गरीब, पण बाकीच्यांच्या तळघरात काय पडलंय याची खबर त्यांना त्या घरमालकांपेक्षा जास्त.

माझं निरीक्षण: याद्यांमधल्या पहिल्या दहांबद्दल सगळे लिहितात. मजा त्यांच्यात आहे ज्यांचं नाव यादीत नाही आणि अचानक वेग वाढलाय.

रॅरिटनकाठी:
अगदी! कॅम श्लिटलर. २०२२ ला सातव्या फेरीत आला, बोस्टनचं कॉलेज, वेग बेताचाच. यँकीजने अंगात ताकद भरली, टाकण्याची ढब सुधारली आणि २०२५ च्या सुरुवातीला ब्रिजवॉटरला तो भलताच वेगळा दिसत होता. जुलैत ब्राँक्सला गेला. २ ऑक्टोबरला रेड सॉक्सविरुद्ध निर्णायक सामना: आठ इनिंग, १२ स्ट्राइकआऊट, शून्य वॉक, शून्य रन. आणि पोरगा मूळचा मॅसॅच्युसेट्सचा! वसंतात त्याचे सामने बघणाऱ्या आम्हा मोजक्या डोक्यांना ऑफिसात त्यानंतर काय भाव आला म्हणता.

मनीषा_हडपसर:
मी अमेरिकेत नाही, आणि तुमच्या आनंदावर पाणी टाकायचं नाही, पण १६ वर्षांच्या मुलाला ५१ लाख डॉलर हे वाचून थबकले. ज्यांना मिळत नाहीत त्यांचं काय?

डेलावेअरपार:
योग्य प्रश्न. डॉमिनिकनमधली मुलं बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून खाजगी प्रशिक्षकाकडे राहायला जातात. त्यांना तिथे 'बुस्कोन' म्हणतात. मुलाला करार मिळाला की त्याचा मोठा वाटा त्यांचा. बहुतेकांना लाखो सोडाच, काही हजार मिळतात, कित्येकांना काहीच नाही.

अमेरिकेतही २०२२ पर्यंत परिस्थिती लाजिरवाणी होती. सिंगल-एच्या मुलाला वर्षाला ११ हजार डॉलर, ट्रिपल-एला साडेसतरा. हिवाळ्यात दुकानात काम, उन्हाळ्यात एका फ्लॅटमध्ये सहा जण. राहण्याची सोय २०२२ पासून संघांनी करायची असं ठरलं. त्या सप्टेंबरात मायनर लीगची पोरं युनियनमध्ये आली आणि २०२३ मध्ये पहिला करार झाला: सिंगल-ए २६,२००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. अजूनही श्रीमंती नाहीच. ट्रिपल-ए आणि मेजर लीगमध्ये एका फोनचं अंतर असतं, आणि वर किमान पगार सात लाखांच्या पुढे.

तिरकस:
म्हणजे फोन कधी करायचा हे मालकाच्या हातात. तिथे राजकारण नसेल यावर माझा विश्वास नाही.

सॅनहोजेकर:
आहे ना, आणि तेही कॅलेंडर घेऊन. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. २०१५ मध्ये ब्रायंट तयार होता, वसंतातल्या सराव सामन्यांत होमरनचा पाऊस पाडला होता, तरी कब्जने त्याला १७ एप्रिलला वर आणलं. वर्षाअखेरीस दिवस भरले १७१! एका दिवसासाठी त्याचं मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला. २०२२ च्या करारात थोडा इलाज केलाय: रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात पहिल्या दोनात आलात तर पूर्ण वर्ष धरतात. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मेला आला, पुरस्कार जिंकला आणि वर्ष पदरात पाडून घेतलं.

तिरकस:
१७१. मस्टर ठेवणारा नक्की आपल्याकडचा असणार.

बोरिवली_फास्ट:
मायनर लीगमध्ये आपलं कुणी? मराठी नाही तर नाही, भारतीय?

प्लेन्सबोरोची:
रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल. दोघे उत्तर प्रदेशचे, भालाफेक करणारे. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू टाकण्याची स्पर्धा झाली, रिंकूने एक लाख डॉलर जिंकले. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. व्यावसायिक बेसबॉलचा करार करणारे ते पहिले भारतीय. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. रिंकू सिंगल-एमध्ये वेस्ट व्हर्जिनियापर्यंत पोचला, मग कोपराने दगा दिला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून दिसला. पहिला चेंडू आयुष्यात विशीच्या उंबरठ्यावर हातात घेऊन सिंगल-ए म्हणजे माझ्या मते कमाल आहे.

कॅरीकर:
+१. सिंगल-एला हसणाऱ्यांसाठी: मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये डबल-एला बर्मिंगहॅमकडून खेळला आणि .२०२ मारू शकला. तीन होमरन. जगातला सर्वोत्तम ॲथलीट!

डेलावेअरपार:
आणि वर पोचल्यावरही संपत नाही. जॅक्सन हॉलिडे, २०२२ चा पहिला नंबर. २०२३ मध्ये एकाच हंगामात डेलमार्वा, अबर्डीन, बोवी, नॉरफोक अशा चारही पायऱ्या चढला. एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरला आला आणि ३४ खेपांत दोन हिट. परत नॉरफोक. २० वर्षांचा मुलगा, यादीत देशात पहिला. ३१ जुलैला पुन्हा बोलावलं आणि त्याच दिवशी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन). धागाकर्ते म्हणतात ते वय-बिय ठीक, पण पहिल्यांदा आपटल्यावर काय करतो हे मी सगळ्यात वर ठेवेन. बहुतेकांना आयुष्यात पहिल्यांदा अपयश डबल-एमध्ये भेटतं.

रॅरिटनकाठी:
मान्य. म्हणूनच जोन्सवर अजून पाणी सोडलेलं नाही.

सॅनहोजेकर:
तिसऱ्या हिश्श्याच्या वर स्ट्राइकआऊट घेऊन ट्रिपल-ए पार करणारे आणि वर टिकणारे फार थोडे. मी पैज लावायला तयार आहे.

रॅरिटनकाठी:
लागली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या गावच्या स्टेडियममध्ये बीअर पाजायची. अर्ध्या भावातली चालणार नाही.

शेंगदाणा_लाडू:
आम्ही एप्रिलात सॉमरसेटला जायचं ठरवतोय. कुठे बसावं? आणि लेकाला सह्या मिळतील का?

रॅरिटनकाठी:
सोमवारी सामना नसतो. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने, त्यामुळे मंगळवारी आवडलेला पिचर रविवारी पुन्हा टाकताना दिसू शकतो. गेट उघडल्या उघडल्या आत जा, डगआऊटच्या बाजूच्या कठड्याशी उभं राहा, पोरं सह्या देतात. बसायला होम प्लेटच्या मागे, जरा वरच्या रांगेत. तिथे वही आणि रडार गन घेतलेले दोन-चार लोक दिसतील, ते स्काऊट. त्यांच्या मागची खुर्ची मिळाली तर वेगाचा आकडा फुकटात वाचता येतो. आणि एप्रिलात जाड जॅकेट न्या, रात्री त्या मैदानावर बेक्कार गारठा असतो.

तिरकस:
रणजीला पण वही घेतलेले दोनच लोक असतात हो. एक स्कोअरर आणि दुसरा मी.